बिल्लेवाल्याने भरायचं, बिनबिल्लेवाल्यासाठी

कुत्र्याच्या नोंदणीची फी वाढली की दरवेळी तेच भांडण नव्याने सुरू होतं. एकीकडे कुत्रेवाले, की एवढे पैसे भरतो आम्ही, आमच्या कुत्र्याला मिळालं काय, ना धड मोकळं मैदान, ना शी उचलायच्या पिशव्या, मग पैसे जातात कुठे. दुसरीकडे बिनकुत्रेवाले, की हौस तुमची आणि भुर्दंड आम्हाला, चावणार तुमचं, घाण करणार तुमचं, भुंकून रात्र काढणार तुमचं, तर पै न पै तुमच्याच खिशातून निघाली पाहिजे, फी अजून वाढवा. जाहीरच करून टाकतो की माझ्याकडे बारा वर्षं कुत्रा होता आणि आता नाही, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खायला मी पात्र आहे. पण वैताग याचा येतो की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या हिशोबावर भांडतायत. दोघांनाही वाटतं की नोंदणी फी म्हणजे तिकीट आहे, एकाला वाटतं महाग तिकीट काढून खेळ भिकार निघाला आणि दुसऱ्याला वाटतं खेळाचा खर्च निघेल एवढं तरी तिकीट लावा.

माझं म्हणणं सरळ आहे. नोंदलेल्या कुत्र्यांच्या फीतून पालिकेने नोंदणीचं म्हणून जे काम आहे तेच करावं, म्हणजे कुत्रा कुणाचा हे कळणं, हरवलेला घरी पोचवणं, लस आणि नसबंदी वाढवणं. आणि न नोंदलेल्या कुत्र्यांमुळे जो खर्च होतो तो दंडातून आणि सगळ्यांच्या सामायिक करातून काढावा. 'कुत्र्यांचा सगळा खर्च कुत्रेवाल्यांनी' हे ऐकायला रास्त वाटतं, पण पालिकेला फक्त नोंदलेले कुत्रेवालेच माहीत असतात. न नोंदलेल्याचं नावच यादीत नाही, त्याच्याकडून काय घेणार? म्हणजे प्रत्यक्षात त्या वाक्याचा अर्थ होतो, नियम पाळणाऱ्याने स्वतःचा भरावा आणि न पाळणाऱ्याचाही भरावा.

पैसा नेमका कुठे जातो ते एखाद्या कोंडवाड्यात जाऊन बघा. फटाक्यांना घाबरून पळालेला एक कुत्रा आलाय, गळ्यात बिल्ला आहे, मानेजवळ यंत्र फिरवलं की कातडीखालच्या चिपचा नंबर दिसतो, नंबरावरून नाव, नावावरून फोन, आणि तासाभरात चपला पायात कशाबशा अडकवून एक माणूस दारात उभा. पालिकेला लागला काय, एक फेरी आणि एक फोन. शेजारच्या पिंजऱ्यात दुसरा. ओल्या सिमेंटवर फिनेलचा वास, कोपऱ्यात स्टीलचं भांडं, जाळीला अडकवलेल्या कार्डावर तारीख, रंग, कुठे सापडला ते, आणि 'मालक' या शब्दापुढे नुसती रेघ. याला ठेवायचा किती दिवस ते कायद्याने ठरलेलं असतं, न्यूझीलंडमध्ये सात दिवस. तेवढे दिवस खाणं, साफसफाई, डॉक्टर, माणसाचा पगार, आणि कुणी आलंच नाही तर नवं घर शोधा नाहीतर इंजेक्शन. खर्च खातो तो हा दुसरा, आणि तो ज्या पैशावर जगतो ते पहिल्याच्या मालकाने भरलेले असतात.

यावरचा सगळ्यात तगडा आक्षेप आधी घेतो, कारण तो खरंच तगडा आहे. लोक म्हणतात, अहो विमा असाच चालतो. ब्रिटनमध्ये १९४६ पासून मोटार विमा कंपन्यांचा एक सामायिक निधी आहे, विमा नसलेल्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई त्यातून मिळते, आणि तो निधी भरतो कोण, तर इमानदारीत विमा काढणारे. तिथे कुणी बोंब मारत नाही, मग कुत्र्यांच्या बाबतीतच एवढं सोवळं का? मान्य. कुठल्याही व्यवस्थेत चुकवणाऱ्यांचा थोडा भार पाळणाऱ्यांवर येतोच, आणि शंभरात पाच जण चुकवत असतील तर पंचाण्णव जणांना ते जाणवतही नाही. पण निम्मे चुकवत असतील तर? मग तोच सामायिक निधी उलटा फिरतो. खर्च वाढला म्हणून फी वाढवली, फी वाढली म्हणून काठावरचे चार लोक म्हणाले जाऊ दे, आपल्या कुत्र्याला कोण विचारतंय, ते यादीतून गळले, उरलेल्यांवर भार वाढला, परत फी वाढवली. गाडीला निदान नंबरप्लेट असते आणि चौकात पोलीस असतो. बिल्ला नसलेला कुत्रा कंपाउंडच्या आत शांत झोपलेला असतो, त्याला कोण पकडणार.

मग फी कमी करा, असं लगेच कुणीतरी म्हणतं, स्वस्त केलं की लोक आपणहून नोंदतील. हे पटायला सोपं आहे, पण ब्रिटनचा शंभर वर्षांचा अनुभव याच्या साफ उलट आहे. तिथे कुत्र्यांवर कर बसला १७९६ साली, फ्रान्सशी लढाई चालू होती आणि तिजोरीला पैसा हवा होता. १८६७ मध्ये त्या जागी सरसकट परवाना आला, पाच शिलिंगांचा, १८७८ मध्ये तो साडेसात शिलिंग झाला, आणि मग पुढे शंभरहून जास्त वर्षं त्या आकड्याला कुणी हातच लावला नाही. नाण्यांची पद्धत बदलली तेव्हा साडेसात शिलिंगांचे साडेसदतीस पेन्स झाले, आणि १९८४ मध्ये अर्ध्या पेनीचं नाणंच बंद झाल्यावर फी उतरून ३७ पेन्सवर आली. महागाई आभाळाला भिडत होती आणि हा परवाना अर्ध्या पेनीने स्वस्त होत होता! तरी परवाना काढणारे होते जेमतेम निम्मे. वसूल करायला जेवढा खर्च यायचा तेवढंही उत्पन्न नव्हतं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि शेवटी १९८७ मध्ये परवानाच रद्द झाला. फुकटात पडल्यासारखी किंमत असून लोकांनी का नाही काढला? कारण त्या कागदाने काहीच होत नव्हतं. कुत्रा हरवला तर तो कागद त्याला शोधत नव्हता, दुसऱ्याचा कुत्रा चावला तर तो कागद मालक दाखवत नव्हता. जे निरुपयोगी आहे ते स्वस्तात दिलं तरी कुणी घेत नाही, आणि गंमत बघा, पुढे त्याच देशाला २०१६ मध्ये सगळ्या कुत्र्यांना चिप सक्तीची करावी लागली. म्हणजे नोंद हवीच होती. नको होती ती पावती.

याच्या उलटं उदाहरण कॅनडातल्या कॅलगरीचं आहे. तिथल्या पालिकेने परवान्याकडे बघायची नजर बदलली. परवाना असलेला कुत्रा रस्त्यावर सापडला तर कोंडवाड्यात न नेता सरळ घरी सोडायचा, परवानाधारकाला दुकानांमध्ये सवलत मिळेल असं कार्ड द्यायचं, परवान्यांच्या पैशातून गरीब घरातल्या जनावरांची फुकट नसबंदी करायची, आणि दुसऱ्या बाजूला परवाना नसेल तर दंड असा की परवाना काढणंच परवडावं. २०१० च्या सुमारास तिथे सुमारे नव्वद टक्के कुत्र्यांना परवाना आहे असं त्या खात्याचे प्रमुख जगभर फिरून सांगायचे. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी ब्रिटनच्या निम्म्याशी तुलना करून बघा. आता कुणीतरी हुशार माणूस मला इथे धरणार, की कॅलगरीचं ते खातं परवाने आणि दंड यांच्यावरच चालायचं, करदात्याच्या खिशाला हात न लावता, म्हणजे कुत्र्यांचा खर्च कुत्रेवाल्यांनीच केला ना? केला. पण आधी काय झालं ते बघा ना. आधी परवान्याला किंमत आली, त्यामुळे जवळपास सगळे यादीत आले, आणि सगळे यादीत आल्यावर 'कुत्रेवाल्यांनी भरा' या वाक्यात सगळे कुत्रेवाले खरोखरच मोडायला लागले. निम्मी यादी रिकामी असताना तेच वाक्य म्हणणं म्हणजे निम्म्यांनी सगळ्यांचं भरा असं म्हणणं.

जर्मन लोकांचा मार्ग वेगळा आहे आणि मला तो आवडत नसला तरी प्रामाणिक वाटतो. तिथे कुत्र्यांवर फी नाही, कर आहे, प्रशियात १८१० साली चैनीच्या वस्तूंवरचा कर म्हणून तो सुरू झाला आणि आज तो गावोगावच्या पालिका घेतात. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, त्यापुढच्या प्रत्येकाला १८०, आणि देशभरात मिळून वर्षाला ४० कोटी युरोहून जास्त रक्कम जमते. त्या पैशाचं पालिका काय करते? वाट्टेल ते. रस्ता करेल, बालवाडी चालवेल, दिवे लावेल. कर म्हणजेच असा पैसा ज्याच्या बदल्यात काही मागायचं नाही. नेदरलँड्समध्येही हा वाद पार सर्वोच्च न्यायालयात गेला, की फक्त कुत्रेवाल्यांवर कर लावून तो सामान्य तिजोरीत टाकणं हा भेदभाव नाही का, आणि २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की चालतं. बरं, चालतं तर चालतं. पण मग त्याला कर म्हणा. भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात हाच फरक सांगितला होता, की कर हा सगळ्यांच्या कामासाठी घेतलेला पैसा आणि फी ही कुठल्यातरी सेवेच्या मोबदल्यात घेतलेली. पुढे कोर्टांनी तो दोर बराच सैल केला, रुपयाला रुपया जुळलाच पाहिजे असं नाही, ढोबळ संबंध असला तरी पुरे असं ठरलं. ढोबळ तर ढोबळ, पण संबंध तरी दाखवा! पावतीवर 'नोंदणी शुल्क' छापायचं, लोकांनी विचारलं की 'कुत्र्यांसाठीच वापरतो' सांगायचं, आणि वागायचं मात्र कर असल्यासारखं, हे तिन्ही एकदम चालणार नाही.

यावर कुत्रेवाल्यांचा ठरलेला उपाय असतो, कायदाच करा की हा पैसा दुसरीकडे वापरायचा नाही. उपाय चांगला आहे, फक्त पुरेसा नाही. न्यूझीलंडमध्ये हे आधीच आहे. तिथल्या १९९६ च्या कुत्रे नियंत्रण कायद्याचं नववं कलम सांगतं की या कायद्याखाली जमलेला पैसा या कायद्यातल्या कामांसाठीच खर्च करायचा. पालिकेने दरवर्षी अहवालही द्यायचा, त्यात नोंदलेले कुत्रे किती, धोकादायक ठरवलेले किती, तक्रारी किती, दंडाच्या नोटिसा किती, खटले किती, सगळं मोजून द्यायचं. आता ही यादी परत वाचा. सगळं आहे, पैशाचा हिशोब सोडून. आणि हिशोब नसला की पैसा बाहेर न जाताही जिरतो. पालिकेचं ऑफिस एकच असतं, तिथे कॉम्प्युटर विभाग, कर्मचारी विभाग, वकील, इमारतीचं भाडं, या सगळ्याचा वाटा प्रत्येक खात्यावर टाकतात, आणि तो वाटा कसा ठरवायचा हे पालिकाच ठरवते. कुत्र्यांच्या खात्यात पैसा आहे आणि तो दुसरीकडे न्यायला बंदी आहे म्हटल्यावर या 'कार्यालयीन वाट्याची' रेघ थोडी जाड करायचा मोह कुणाला होणार नाही? कायदा मोडला नाही, पैसा कुत्र्यांच्याच खात्यात खर्च झाला, फक्त कुत्र्यापर्यंत पोचला नाही.

अर्थशास्त्रवाले इथे अजून एक गोष्ट सांगतात आणि तीही बरोबर आहे, की पैशाला रंग नसतो. तुम्ही फी कुत्र्यांसाठी राखून ठेवली तर पालिका आधी सामायिक करातून जो पैसा त्या कामाला देत होती तो हळूच काढून घेईल, बेरीज तीच राहील. शिवाय राखीव निधी भरला की त्यावर डोळा जातोच. ब्रिटनमध्ये १९२० मध्ये रस्त्यांसाठी असा निधी काढला होता, गाडीवाल्यांचा कर रस्त्यांनाच लागणार म्हणून. सहा वर्षांत अर्थमंत्री असलेल्या चर्चिलने त्यात हात घातला, पुढच्या सरकारांनी १९३७ मध्ये कराचा आणि रस्त्यांचा संबंध तोडून टाकला आणि १९५५ मध्ये निधीच गुंडाळला. तरी लोक अजून त्याला 'रोड टॅक्स' म्हणतात आणि सायकलवाल्यांना ऐकवतात की रस्ता आमच्या पैशाचा आहे! राखीव पैशाचा हा दुसरा तोटा, तो संपल्यावरही त्याचा माज उरतो. म्हणून मी कुंपणापेक्षा खिडकी मागतो. बिल भरायला येणाऱ्या प्रत्येकाला पावतीच्या मागच्या बाजूला दिसू दे, या फीतले किती नोंदणीला गेले, किती नोंदलेल्यांना घरी पोचवण्यात, किती न नोंदलेल्यांच्या कोंडवाड्यात, किती ऑफिसच्या वाट्यात, आणि सामायिक करातून या वर्षी किती आले, मागच्या वर्षी किती आले होते. सामायिक करातला वाटा गुपचूप घटला तर पावतीच बोंबलेल.

आता बिनकुत्रेवाला विचारणार, मी का भरू? त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, ज्याच्या पोराला कुत्रा चावलाय त्याने हा प्रश्न विचारला तर मान खाली घालूनच उत्तर द्यावं लागतं. पण उत्तर आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यामुळे होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा आहे की एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असली की रोगाची साखळी तुटते. म्हणजे सत्तराव्या टक्क्यातल्या कुत्र्याला लस दिली तर वाचणारा माणूस कुत्रा न पाळणाराच असू शकतो, किंबहुना लस नसलेला मोकाट कुत्रा ज्याला भेटतो तो रस्त्याने चाललेला कुणीही असतो. आग विझवायच्या बंबाचा खर्च आपण फक्त ज्यांची घरं जळाली त्यांच्याकडून घेतो का? घरात गॅस नसणाऱ्यालाही तो भरावा लागतो, कारण आग भिंत बघून थांबत नाही. मोकाट आणि बेवारस कुत्र्यांचा बंदोबस्त हे तसंच काम आहे, आणि ते जसजसं नोंदलेल्यांच्या फीवर ढकलाल तसतसे नोंदणारे कमी होतील आणि बेवारस वाढतील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शिवाय पैसा कशावर मोजून देता यावरून माणसं कशी वागतात हेही बघायला हवं. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती. ब्रिटिश मॅजिस्ट्रेटांनी मोकाट कुत्रे मारायची मुदत वाढवली आणि डोक्यामागे आठ आणे लावले. झालं, मोकाट कुत्रा शोधत फिरण्यापेक्षा ओसरीवर बसलेला पाळीव सोपा, पकडणारे घरांपर्यंत पोचले, पारशी समाज भडकला, इतरही सामील झाले आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार बंद पडले. आज कुणी आठ आणे देत नाही, पण ज्या खात्याचं पोट नोंदलेल्यांची फी आणि त्यांनाच लावलेला उशिराचा दंड यांच्यावर भरतं ते खातं कुणाच्या मागे लागेल? ज्याचा पत्ता हातात आहे त्याच्या. न्यूझीलंडमध्ये मुदत चुकली की फीवर निम्म्यापर्यंत जादा आकार लावता येतो. कायदा म्हणून ठीक आहे, पण दोन आठवडे उशीर करणाऱ्याला पत्र पाठवणं सोपं आणि सात वर्षं कधीच न नोंदणाऱ्याचं दार वाजवणं अवघड, आणि सोप्या कामाने तिजोरी भरत असेल तर अवघड काम उद्यावर जातं.

त्याच न्यूझीलंडचा जुना किस्सा या सगळ्या वादात कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. १८९८ मध्ये होकियांगा भागातल्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी कुत्र्यावरचा कर भरायला नकार दिला, कुत्र्यामागे अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. त्यांच्याकडे कुत्रे पुष्कळ, शिकारीला लागणारे, आणि रोख पैसा जवळपास नाही. हातात बंदुका घेऊन माणसं निघाली, सरकारने सैन्य पाठवलं, आणि त्यांचाच एक माओरी खासदार मध्ये पडला म्हणून रक्तपात टळला. होने तोइया नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याला तुरुंगात टाकलं. त्या लोकांना राग फक्त अडीच शिलिंगांचा होता असं ज्याला वाटतं त्याने इतिहास सोडावा. त्यांच्या जगण्यात ज्या सरकारने काही आणून दिलं नव्हतं ते सरकार आता दारातला कुत्रा मोजायला आलं होतं, आणि आज कुत्र्यावर बसला तो कर उद्या माणसावर बसेल ही भीती तिथे उघड बोलली जात होती. आता बंदूक कुणी काढत नाही. आता लोक फक्त फॉर्म भरत नाहीत, आणि पालिकेला तो बंड वाटत नाही कारण त्याचा आवाज येत नाही.

मैदानं आणि पिशव्या यांच्याबद्दल कुत्रेवाल्या मंडळींना एकच सांगतो, आधी त्यांचा हट्ट सोडा. मैदान दिसतं, फोटोला बरं, निवडणुकीला तर फारच बरं, म्हणून पालिकाही ते आनंदाने देईल आणि वर म्हणेल बघा तुमचे पैसे. फीत सूट मात्र मागून घ्या. नसबंदी केलेल्या कुत्र्याला फी कमी ठेवणं ही खैरात नाही, तो खर्चच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीचा, कारण जो पैसा पालिकेने घेतलाच नाही तो ऑफिसच्या वाट्यात जिरू शकत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये परवाना अजून आहे, साडेबारा पौंडांचा, आणि नसबंदी केलेल्या कुत्र्याला पाच. साडेसात पौंडांचा तो फरक कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त स्पष्ट बोलतो.

आणि हिशोब उघडा केला तर कदाचित बिनकुत्रेवाल्याला दिसेल की त्याच्या करातले पैसे कोंडवाड्यात बरेच जातात, तो चिडेल, नगरसेवकाला फोन करेल. करू दे. तो विचारणारच, की या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचा मालक कोण आणि त्याला अजून पकडलं का नाही. आज हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्या पिंजऱ्याचं बिल भरणारा माणूस वेगळाच आहे, आणि त्याला ते माहीतही नाही.